बघू म्हणायचं नाही

मैत्रीनगर, चारकोप
२० ऑक्टोबर २०२४, रविवार

अन्या,

जय भीम. आई ठणठणीत आहे, घरावर काही कोसळलेलं नाही, तेव्हा पाकीट बघून छातीवर हात ठेवू नकोस. फोन केला की "ताई, मीटिंगमध्ये आहे." मेसेज केला की दोन निळ्या खुणा, आणि मग सगळं शांत. म्हणून हे पत्र. पत्राला मीटिंगचं कारण सांगता येत नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू भरल्या ताटावरून उठून गेलास, तो या घरात परत आला नाहीस. दोन वर्षं होत आली. मी काय विचारलं होतं ते तू विसरला नसशील, तरी पुन्हा लिहिते, कारण मला ते पुन्हा विचारायचंय. गोदाम तुझ्या दिल्लीतल्या खात्याचं. त्याचं मागचं फाटक आपल्या वस्तीच्या तोंडाशी. त्या फाटकावर आपल्या बाबांनी आयुष्यभर चौकीदारी केली, आणि सकाळी उघडायचं ते रात्रीपर्यंत वस्तीच्या माणसांना आतल्या रस्त्याने पलीकडे जाऊ दिलं. साहेबांच्या परवानगीने, चोरून नव्हे. पलीकडे शाळा, दवाखाना, विहार. बाबा निवृत्त झाले, नवे साहेब आले, सुरक्षेचं कारण निघालं आणि फाटकाला कुलूप लागलं. तेव्हापासून पोरं डंपरच्या रस्त्याने वळसा घालून शाळेत जातात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तू त्याच खात्यात बसतोस ना, मग हे कुलूप का निघत नाही?" तू म्हणालास, "माझ्या खुर्चीवर घरचं काम होणार नाही, ताई." आणि उठलास.

मला वाटलं, भाऊ गेला हातचा.

असो. आता ऐक. तुझं म्हणणं मला मान्य आहे. घरचं काम तुझ्या खुर्चीवर नको. मी पुढच्या दाराने येते. संसदेतून.

हसू नकोस. परवा युनिटमधून अर्धा दिवस सुट्टी काढली आणि अंधेरीला गेले, राज्यसभेतल्या एका खासदारबाईंच्या ऑफिसात. (युनिटमध्ये मी आता सुपरवायझर आहे, औषधांच्या खोक्यांच्या पॅकिंगची. तुला माहीत नसणार, सांगायला तू होतास कुठे.) तिथे ही गर्दी. कुणाला शाळेत ॲडमिशन हवी, कुणाला शिफारसपत्र. श्रुतिका नावाची एक मुलगी बसते, वकिलीची परीक्षा देऊन आलेली, चष्मा सतत कपाळावर. तिने विचारलं, "तुमचं काम काय?" मी म्हटलं, "माझं काम नाही. माझा प्रश्न आहे. संसदेत विचारायचा." तिने चष्मा खाली घेतला आणि मला खुर्ची दिली.

मी प्रश्न लिहूनच नेला होता. तिने तो वाचला आणि निम्मा खोडला. प्रश्नात मत चालत नाही, आरोप चालत नाही, टोमणा तर अजिबात चालत नाही. मी म्हटलं, "टोमणा नाही तर आमच्या घरच्यांनी संसदेत जाऊन करायचं काय?" पण शेवटी जे उरलं ते सरळ होतं. फाटक बंद करण्याचं कारण काय, ते ठरावीक वेळेत उघडण्याचा काही प्रस्ताव आहे का, असल्यास त्याचं काय झालं. बाई तो हिवाळी अधिवेशनात लावणार आहेत.

आता तू म्हणशील, एवढ्या वळशासाठी एवढा खटाटोप? तर आईचं ऐक. फाटक बंद झाल्यापासून ती विहारात गेलेली नाही. मी रिक्षाने नेते म्हटलं, तर म्हणते, "ज्या दारात तुझा बाप उभा राह्यला, त्या दाराला वळसा घालून मी जायाची न्हाई. उघडा, मंग जाते." जालन्याची जिद्द ती, इतकी वर्षं मुंबईत राहून उतरली नाही. तिचे गुडघे काही वाट बघत बसणार नाहीत. फाटक उघडेल तेव्हा तिला स्वतःच्या पायांनी त्यातून जाता आलं पाहिजे, मला एवढंच हवंय. बाकी वस्तीला जे मिळेल ते मिळेल.

आज रविवार. बाबांच्या प्रश्नांच्या तासाचा दिवस. जेवणाआधी कुणीही कुणालाही काहीही विचारायचं, मोठ्याने लहानाला आणि लहानाने मोठ्याला, आणि ज्याला विचारलं त्याने उत्तर द्यायचंच. "दिल्लीत असाच तास असतो," असं बाबा सांगायचे, "तिथं मंत्र्याला सुटका न्हाई, इथं मला न्हाई." आणि "बघू" म्हणायला बंदी. चुकून कुणी म्हणालंच, तर ते वचन धरलं जाईल आणि पुरं होईपर्यंत दर रविवारी विचारलं जाईल. तू एकदा विमान जवळून बघायचंय म्हणालास, बाबा डोक्याला तेल लावत होते, बेसावधपणे "बघू" म्हणून गेले. मग तू दर रविवारी त्यांचा जीव खाल्लास. शेवटी त्यांनी आपल्याला जुहूला नेलं, तिथल्या छोट्या विमानतळाच्या भिंतीपाशी उभं करून हेलिकॉप्टर दाखवलं आणि वर भेळ खायला घातली. विमान नाही म्हणून तू रुसलास. तेव्हापासूनच तुझं असं.

हे पत्र उत्तरासाठी नाही. तुला नोटीस आहे, एवढंच समज.

तुझी बहीण, जिला ताटावरून उठून चालत नाही, कारण भांडी तिलाच घासायची असतात,
नंदा

८ डिसेंबर २०२४

अन्या,

पहिला घाव वाया गेला. आपला प्रश्न सोडतीत निघालाच नाही.

मला हे माहीतच नव्हतं. खासदार प्रश्न देतात ढिगाने, आणि त्यातले कुठले घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. आपली चिठ्ठी खालीच राहिली. श्रुतिका बिचारी फोनवर माफी मागत होती. मी तिला म्हटलं, "अगं, आमच्या चाळीत नळाचा नंबर लावलाय मी लहानपणी. आज नाही आला तर उद्या येतो. तू पुढच्या अधिवेशनाला पुन्हा लाव."

मधे विधानसभेची निवडणूक झाली. चार पक्षांचे चार जण हात जोडत दारात आले आणि चौघांनीही फाटक उघडून देतो म्हणून सांगितलं. मी चौघांनाही आत बोलावून चहा दिला आणि समजावलं की फाटक केंद्राचं आहे, तुम्ही तुमच्या हातातल्या गटारावर बोला. एक जण म्हणाला, "मावशी, तुम्हीच उभ्या राहा." मी म्हटलं, मला वेळ नाही, मी दिल्लीत बिझी आहे.

परवा सहा तारखेला आईला दादरला नेलं. गर्दी बघून लांबूनच हात जोडले तिने. परतताना म्हणाली, "आनी बघ, इतकं लांब आले, पन शेजारच्या विहारात जाता येईना."

शेजारचे लवूकाका तुला आठवतात ना, गिरणी बंद झाल्यावर रिक्षा चालवायला लागलेले? आता रिक्षाही विकली, दिवसभर फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसून असतात. मला बघून म्हणाले, "गो नंदा, दिल्लीक कोण इचारता आपणांक? ह्यां फाटक आता माझ्या तेराव्याकच उघडतला." मी म्हटलं, "काका, मग जरा थांबा, घाई करू नका." ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

मी हसते खरी, पण आईने काठी घेतलीय. तुला म्हणून सांगते.

नंदा

१६ मार्च २०२५

अन्या,

लागला! प्रश्न लागला! अतारांकित, म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून बोलायचं नाही, लेखी उत्तर सभागृहापुढे ठेवायचं. श्रुतिकाने फोन केला तेव्हा मी युनिटमध्ये होते, मशीनच्या आवाजात तीनदा विचारावं लागलं. मग मी सगळ्या बायकांना वडापाव मागवला. अक्षता म्हणाली, "मॅडम, मुलाचं लग्न ठरलं की काय?" लग्नाविना मुलगा कुठून आणू, ते तिलाच ठाऊक.

आता तुझ्याकडे वळते. उत्तर कोण लिहितो, हे मी श्रुतिकाला विचारलं. ती म्हणाली, प्रश्न खात्याकडे जातो, खात्यातून ज्या शाखेचा विषय त्या शाखेकडे, तिथला अधिकारी फाइल काढून मसुदा करतो, मग तो वर वर चढत मंत्र्यांपर्यंत जातो. मी विचारलं, "गोदामांच्या जमिनीची शाखा?" ती म्हणाली, "हो, तीच असणार."

म्हणजे तू.

मी तिला सांगितलं नाही की तो माझा भाऊ आहे. लाज म्हणून नव्हे. तुझ्या खुर्चीवर घरचं काम येऊ नये म्हणून. बघ, माझं किती लक्ष असतं तुझ्या खुर्चीकडे.

तर अन्या, मदत करू नकोस. माझ्यासाठी एक शब्द जास्त लिहू नकोस. पण कमीही लिहू नकोस. फाइलीत जे असेल ते लिही. बाबा सांगायचे, प्रश्न विचारणारा लहान असू दे, उत्तर देणाऱ्याने लहान व्हायचं नाही.

आईला मी सांगितलंय की तुझ्याच टेबलावरून उत्तर येणार. संध्याकाळी ती शेजारणीला सांगत होती, "आमच्या अनिरुद्धला दिल्लीत परश्न इचारलाय सरकारनं." मी तिला सुधारलं नाही.

नंदा

२७ मार्च २०२५

अनिरुद्ध,

उत्तर वाचलं. काल जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर, हिंदीत. "फाटक ठरावीक वेळेत उघडण्याबाबत स्थानिक कार्यालयाकडून प्रस्ताव प्राप्त झाला असून तो विचाराधीन आहे."

विचाराधीन!

शिवदास खरातांच्या घरात वाढलेला माणूस आणि त्याला दुसरा शब्द सुचला नाही? एवढं शिकलास, परीक्षा दिल्यास, दिल्ली गाठलीस, आणि शेवटी शिकलास काय, तर "बघू"? तेच शुद्ध हिंदीत, वर शिक्का मारून? मी टोमणे काढून टाकले, मत काढून टाकलं, दोन अधिवेशनं वाट बघितली, आणि तुम्ही देशाच्या सभागृहात बसून मला बघू म्हणता!

"नाही" म्हणायचं होतंस. मी सहन केलं असतं. "नाही"ला निदान पाय असतात, त्याच्याशी भांडता येतं.

आईने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, बघू म्हणाला. ती उगीच माझ्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "असं म्हनाला?" आणि आत गेली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला कळलं नाही. मी रडत होते, तेवढं मात्र खरं.

पुढचं पत्र लिहीन असं वाटत नाही.

नंदा

२० एप्रिल २०२५

अन्या, अन्या, अरे माझ्या अन्या,

मी गाढव आहे. तू हे पत्र फ्रेम करून भिंतीवर लाव, पुन्हा कधी मी असं लिहून देणार नाही.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी तोंड पाडून चालत होते. डीजेवाल्यांनासुद्धा माझी दया आली. दुसऱ्या दिवशी श्रुतिकाचा फोन. आवाजातच लाडू फुटत होते. "नंदाताई, तुमचं उत्तर आश्वासनात धरलं गेलंय!"

मी म्हटलं, "कसलं आश्वासन? ते तर बघू म्हणाले."

मग तिने समजावलं. मंत्री सभागृहात जे बोलतात, लेखी देतात, त्यात "विचार करू", "माहिती मागवली आहे", "विचाराधीन आहे" असलं काही निघालं, की ते हवेत सोडत नाहीत. संसदेची एक समितीच असते, सरकारच्या आश्वासनांची. ती असली वाक्यं वेचून काढते, आणि तीन महिन्यांत त्याचं काय केलंत ते सांगा म्हणून खात्याच्या मागे लागते. नाही जमलं तर मुदत मागावी लागते, कारण द्यावं लागतं. पुरं होईपर्यंत विचारत राहते. "नाही" म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता, ताई.

मी फोन कानाला लावून युनिटच्या जिन्यात मटकन खाली बसले.

बाबांचा नियम! अरे, आपल्या घरातला नियम दिल्लीत चालतो! नाही, उलटं असणार, बाबांनीच तो तिथून उचलला असणार. तरीच म्हणायचे, "दिल्लीत असाच तास असतो." आपण समजायचो, म्हातारा गोष्टी सांगतो. आणि मी, त्याच घरात वाढलेली, "बघू" ऐकलं आणि वचन धरायचं सोडून रडत बसले! नियम तुझ्या लक्षात होता. मी विसरले. आईच्यासुद्धा लक्षात होता, त्या दिवशी तिच्या तोंडावर जे होतं ते हसू होतं. मी तिला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणते, "तू चिडल्यावर तुला सांगतं कोन?"

आणि तुझ्या बायकोचा फोन आला होता, दीप्तीचा. तिने मला हे सांगायला नको होतं, मी ऐकायला नको होतं, आणि तुला कळू द्यायचं नाही असं आम्ही दोघींनी शपथेवर ठरवलंय, म्हणून लगेच लिहिते. ती म्हणाली, प्रश्न टेबलावर आला त्याच दिवशी तू साहेबांना लिहून दिलंस की हे माझ्या घराजवळचं आहे, दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, फाइल तूच काढ, मसुदा मी तपासतो. फाइलीत इथल्या कार्यालयाचा प्रस्ताव पडून होता, कुंपण घालून रस्ता वेगळा करा आणि फाटक उघडा म्हणून. साहेब म्हणाले, "प्रस्तावाचा उल्लेख काढून टाक. 'निर्णय झालेला नाही' एवढंच लिही. नाहीतर आश्वासनात अडकू." आणि तू म्हणालास, "सर, पण त्यांनी प्रस्ताव आहे का असंच विचारलंय. आणि तो आहे."

एवढंच म्हणालास. साहेबांनी सही केली.

तू माझं काम केलं नाहीस, अन्या. तू तुझं काम केलंस. मला आता कळतंय की त्या दिवशी ताटावर तू हेच सांगत होतास. माझा भाऊ कुठं गेला नव्हता. मला तुझा अभिमान वाटतो, आणि हे मी लिहून देते, तोंडी सांगितलं तर तू लाजशील.

तीन महिने म्हणजे जून. आई म्हणते, गुडघ्याला तेल चोळायला सुरुवात करते.

तुझी गाढव ताई

१० ऑगस्ट २०२५

अन्या,

जून गेला, जुलै गेला, तुमच्या खात्याने मुदत वाढवून मागितली. कारण काय, तर "कुंपणाच्या कामाची प्रक्रिया सुरू आहे". पूर्वी असलं वाचून माझं डोकं फिरलं असतं. आता मी म्हटलं, छान, म्हणजे कुंपण आलं! कुंपण घालायचंय म्हणून मुदत मागताय, तर कुंपण घालावंच लागेल. तुम्ही जितकी कारणं देता तितके अडकत जाता. मला हा खेळ आवडायला लागलाय.

श्रुतिका म्हणते, समितीने मुदत दिली, पण काम कुठवर आलं तेही विचारलंय. मी दर पंधरा दिवसांनी तिला फोन करते. ती आता हॅलो म्हणत नाही, थेट "अजून नाही ताई" म्हणते.

पण गंमत ऐक. गेल्या आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन फाटकापाशी आली. आतून कुलूप काढायला गेली, तर ते गंजलेलं होतं, तेल घालूनसुद्धा निघेना, शेवटी हातोडीने तोडलं. लवूकाका कट्ट्यावरून उठले. मापं घेणाऱ्याने विचारलं, "आजोबा, पूर्वी लोक नक्की कुठून जायचे?" लवूकाका काठी टेकत त्यांच्यापुढे चालायला लागले. "हडेसून. मगे ह्या चिंचेकडसून. शिवदास हय उभो ऱ्हवायचो, ह्या दगडार." मापं घेणाऱ्यांनी तिथे चुन्याने खूण केली. मग नवीन कुलूप लावून गेले.

लवूकाका संध्याकाळी घरी आले, आईच्या हातचा चहा पिऊन गेले. बाबा गेले तेव्हापासून ते आत आले नव्हते.

आई पडली होती, तुला सांगितलं नाही. मोठं काही नाही, बाथरूममध्ये घसरली, पायाला सूज होती. डॉक्टर म्हणाले, आता जपायला हवं. मी रात्री जागी राहून विचार करते की फाटक आधी उघडेल की हिचे पाय आधी थकतील. दिवसा असला विचार करत नाही. दिवसा मी झकास असते.

तू फोन केलास ते कळलं. दीप्तीच्या फोनवरून, मी कामावर असताना, फक्त आईशी बोललास. ती म्हणते, "कुनाचा फोन न्हवता." पण त्या दिवशी तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

ताई

७ डिसेंबर २०२५, रविवार

अन्या,

उघडलं.

मंगळवारी उघडलं. कोणी नारळ फोडला नाही, कोणी मंत्री आला नाही, फीत नाही, फोटो नाही. सकाळी सहाला एक तरुण चौकीदार आला, आतल्या रस्त्याला आता दोन्ही बाजूंनी जाळी आहे, त्याने दोन्ही पल्ले मागे लोटले आणि खाली दगड लावला. पाटी लावली, सकाळी सहा ते रात्री नऊ. बाबांचीच वेळ! कोणत्या शहाण्याने लिहिली, ते मी विचारणार नाही.

पहिली शाळेची पोरं गेली, पळत. त्यांना वाटलं, आपण काहीतरी चोरून करतोय. मागोमाग लवूकाका ओरडत आले, "उघडलां गो नंदा! खराच उघडलां!" मी म्हटलं, "काका, तुमचं तेरावं राहिलं." म्हणाले, "ऱ्हवांदे आता, घाय नाय."

आईला मी रविवारपर्यंत थांबवून धरलं, म्हणजे मला सुट्टी असेल. चार दिवस तिने माझं डोकं खाल्लं. आज सकाळी पांढरं लुगडं नेसली, काठी घेतली, आणि माझा हात झटकून टाकला. "मला धरू नगंस." मी दोन पावलं मागे. फाटकाशी आल्यावर थांबली. चौकीदाराला वाटलं, आजीला दम लागला, त्याने स्टूल पुढे केलं. आई त्याला म्हणाली, "हितं माझा मालक उभा राह्यचा. उन्हात. त्याला स्टूल न्हवतं. तू बस, बाबा." आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो पोरगा गोंधळला. मग ती चालायला लागली. चिंचेपाशी एकदा थांबली, आणि मग थेट विहारात. एकदाही कुणाला धरलं नाही. मी रस्ताभर रडले, आणि यावेळी मला लाज वाटली नाही.

विहारात वंदना झाल्यावर तिला विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "मागायचं काय असतं? सांगून आले, की उघडलं म्हनून."

श्रुतिका म्हणते, आता खातं समितीला कळवेल की आश्वासन पूर्ण झालं, आणि तेही सभागृहापुढे ठेवलं जाईल. म्हणजे आपलं फाटक दिल्लीत कायमचं नोंदलं गेलं. मी तिला घरी जेवायला बोलावलंय. खासदारबाईंनाही, पण त्यांना अधिवेशन आहे. मी म्हटलं, राहू दे, त्यांना दुसऱ्याचा प्रश्न विचारू दे.

आता जेवणाआधीचा तास. आई समोर बसलीय. हा तास बंद पडला होता, आज आम्ही पुन्हा सुरू केला. तिने मला विचारलं, केस रंगवायचे कधी बंद करणार. मी उत्तर दिलं, ते तुला सांगणार नाही. मग मी तिला म्हटलं, तुला अनिरुद्धला काही विचारायचंय का? म्हणाली, "तूच लिही. तुझा परश्न चांगला आसतो. टोमना काढून लिही."

तर घे. टोमणा नाही, मत नाही, आरोप नाही.

प्रश्न. श्री. अनिरुद्ध शिवदास खरात घरी कधी येणार आहेत?

हा तारांकित आहे. म्हणजे लेखी उत्तर चालत नाही. समोर उभं राहून, तोंडी द्यावं लागतं.

ताई

२१ डिसेंबर २०२५, रविवार

अन्या,

तुझा मेसेज काल रात्री आला. इतक्या वर्षांनी, आणि एकच शब्द.

"बघू."

मी वाचला आणि अजिबात चिडले नाही. बघ, शिकले की नाही? आईला चष्मा देऊन मोबाइल हातात दिला. तिने स्वतः अक्षर लावून वाचलं. ब-घू. मग मोबाइल खाली ठेवला, उठली, वरच्या फळीवरून तुझं ताट काढलं, आणि चिंचेने घासायला बसली. मी घासते म्हटलं, तर ऐकेना.

धरलं आहे, अन्या. तीन महिने. मुदतवाढ आईकडे मागावी लागेल, आणि ती देणार नाही.

ताई